सब्ख्यातलं गाऱ्हाणं

ही गोष्ट खरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळे असंच म्हणतात. म्हणा बापडे. मी दुबईच्या देऱ्यात एका टायपिंग सेंटरमध्ये दिवसभर लोकांचे व्हिसाचे अर्ज भरतो. समोरचा थाप मारत असेल तर मला तिसऱ्या वाक्याला कळतं.

सुदेश थाप मारत नव्हता.

आणि हो, यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. जे घडलं ते भर दुपारी, टळटळीत उन्हात. तारीख बावीस एप्रिल, दोन हजार चोवीस. वार सोमवार. जागा अबुधाबीच्या पश्चिमेला, मदिनत झायेदच्याही पुढे, वाळवंटात.

सुदेश माझा सख्खा मावसभाऊ. आमचा गाव कुडाळच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. सोळा वर्षं झाली त्याला दुबईत. आधी मजूर, मग ड्रायव्हर, मग कॅम्प बॉस. कॅम्प बॉस म्हणजे मजुरांच्या वस्तीचा कारभारी. पाणी, गॅस, रेशन, कोणाचं दुखणंखुपणं, सगळं त्याच्या गळ्यात. त्याची कंपनी हायवेच्या कडेनं जाळीचं कुंपण घालायची. रात्री उंट रस्त्यावर येतात, गाड्या आपटतात, म्हणून.

त्या कामासाठी वाळवंटात छोटा कॅम्प टाकला होता. चार केबिन, एक मेस, एक जनरेटर, एक मोठी पाण्याची टाकी. माणसं तेरा.

तेरातला एक नागेश. सुदेशचा धाकटा भाऊ.

नागेशला सुदेशनंच आणला. गावात तो इलेक्ट्रिकची कामं करून बरा होता. पण सुदेशच्या मनात आलं, दोन वर्षं काढेल, घरावर स्लॅब पडेल. नागेशची बायको दर्शना तेव्हा नुकतीच गरोदर. ती तयार नव्हती. शेवटी म्हणाली, "भावोजी, तुमच्या भरवशावर पाठवतंय हां. जसो नेतास तसो हाडून घाला." घेऊन जाताय तसाच आणून द्या.

सुदेशनं मान डोलावली. एवढंच. पण त्या मान डोलावण्यानं त्याला पुढे जगू दिलं नाही.

आता जरा मागे जातो. नोव्हेंबर तेवीस.

कॅम्प लागला तो दिवस. जागा अशी की चहूकडे वाळूच्या टेकड्या आणि मध्ये सपाट, पांढरट मैदान. तिकडे त्याला सब्खा म्हणतात. मिठाची जमीन. वरून कडक पापडी, खाली चिखल. आजूबाजूला झाड नाही, पक्षी नाही. फोनला रेंजसुद्धा नाही. रेंज हवी तर दोन किलोमीटर चालत टेकडीवर जायचं.

आमच्या कोकणातली माणसं नव्या जागेत राहायला गेली की आधी काय करतात? राखण देतात. प्रत्येक जागेला धनी असतो, राखणदार असतो. त्याला नारळ, कोंबडा, मूठभर तांदूळ. आणि गाऱ्हाणं घालतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं केलेली विनवणी. एक जण बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात… "व्हय म्हाराजा!"

आम्ही हे लहानपणापासून म्हणतो. समोर गाऱ्हाणं सुरू झालं की तोंडून आपोआप 'व्हय' जातं. डास चावला की हात जातो ना, तसं.

पण त्याला एक नियम आहे. गाऱ्हाणं गावकरानं, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यानं घालायचं. ज्याचा मान त्यानं. कारण कोणत्या देवाला, कोणत्या नावानं, काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे त्याच्या घराण्याला माहीत असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिथे चालत नाही.

सुदेश काही गावकर नव्हता. पण कॅम्प बॉस होता. पोरं म्हणाली, दादा, राखण द्यायला हवी. यानंही घेतलं मनावर.

साइटवर काँक्रीट तपासायचे चौकोनी ठोकळे पडलेले असतात. त्यातला एक घेऊन देव म्हणून मांडला. शेंदूर नव्हता, मार्किंगचा लाल स्प्रे मारला. कोंबडा कुठला मिळणार, मेसच्या फ्रीजरमधली ब्राझीलची कोंबडी ठेवली, पिशवीसकट. सगळे हसत होते. आठ जण आपले कोकणातले, तिघे तेलंगणाचे. त्या तिघांनाही मजा वाटली, तेही उभे राहिले. बूट काढून, अनवाणी, अर्धगोलात अकरा जण. समोर सुदेश.

बारावा खैरुद्दीन. मेसचा आचारी, बिहारचा, वयानं पन्नाशीचा. तो लांब उभा राहिला. म्हणाला, "जिसको जानते नहीं, उसको आवाज क्यों देते हो?"

सुदेशनं हात जोडले.

"हय जो कोण धनी आसात… तुझा नाव आमका ठावक नाय, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"ही तेरा लेकरां तुझ्या पदरात घातलंय…"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी म्हणान सांभाळ…"

"व्हय म्हाराजा!"

वाचलंत? 'तुझी म्हणून सांभाळ.' नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, देव आहे की आणखी काही ते माहीत नाही. आणि तेरा जिवंत माणसं त्याच्या पदरात टाकून मोकळा झाला. गावकरानं असं गाऱ्हाणं जन्मात घातलं नसतं. घरी देवाला आपण म्हणतो, परगावी गेलेलं लेकरू सुखरूप परत आण. हा पठ्ठ्या परत आणायचं बोललाच नाही.

पण तेव्हा कोणाला सुचतंय. खलास म्हणाले, कोंबडी उचलली आणि संध्याकाळी तिचा रस्सा केला.

पाच महिने काही झालं नाही.

तेरा एप्रिलला नागेश टेकडीवर गेला आणि ओरडतच खाली आला. मुलगी झाली होती. दर्शनानं फोटो पाठवला होता, पण रेंज अशी भिकार की फोटो काही उघडेना. नुसता राखाडी चौकोन. नागेश तासभर फोन वर करून उभा होता.

पंधराला सुदेशला रेशन आणायला दुबईला निघायचं होतं, मुहैस्नाहला, कंपनीच्या मोठ्या कॅम्पवर. दोन दिवसांचं काम. खैरुद्दीनची दाढ सुजली होती, म्हणून तोही गाडीत बसला. नागेश खिडकीशी येऊन म्हणाला, "दादा, चेडवाचो फोटो छापून हाड. तेच्याशिवाय येव नको." पोरीचा फोटो आणल्याशिवाय यायचं नाही.

त्या दोन दिवसांत पाऊस सांगितला होता. सब्ख्यात पाणी भरलं तर कॅम्प हलवावा लागला असता. म्हणून जाताना सुदेशनं नागेशला बजावलं. कुठे हललात तर टाकीवर लाल स्प्रेनं जागेचं नाव लिहायचं. काही वाईट घडलं असेल, कोणाची जबरदस्ती असेल, तर नावाच्या वर फुली मारायची. फुली नसली की मी समजेन, सगळे ठीक आहात.

नागेश म्हणाला, "व्हय."

सोळा तारखेचा पाऊस तुम्हाला आठवत असेल. विमानतळावर पाणी, रस्त्यांवर पाणी, गाड्या तरंगत होत्या. सुदेश मुहैस्नाहला अडकला. दोन दिवसांचे सात झाले. कॅम्पवर फोन लागत नव्हता, पण तो आधीही लागत नव्हता. सुदेशनं दर्शनाकडून फोटो मागवून छापून घेतला. दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेली चिमुरडी. अगदी नागेशचं नाक. तो फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून त्यानं खिशात ठेवला.

बावीसला सकाळी दोघे निघाले. दुपारी एकच्या सुमारास शेवटची टेकडी उतरली.

आधी सुदेशला कळेना काय चुकतंय.

मग कळलं… जनरेटरचा आवाज येत नव्हता.

वाळवंटात कॅम्प दिसायच्या आधी ऐकू येतो. आज कॅम्प समोर दिसत होता आणि कानांत काहीच नव्हतं.

चारही केबिनची दारं उघडी. सुदेशनं हॉर्न दिला. कोणी आलं नाही. पुन्हा दिला. कोणी आलं नाही.

खैरुद्दीन मेसमध्ये शिरला. तव्यावर एक चपाती होती. पूर्ण काळी, वाळून खडखडीत. परातीत मळलेल्या कणकेला तडे गेले होते. गॅसची शेगडी चालूच होती, सिलिंडर कधीचा संपलेला. एका ताटात अर्धी खाल्लेली चपाती, तिच्यात अजून दुमडलेला घास.

सुदेश केबिनमधून केबिनमध्ये पळत होता. फोन गादीवर. पाकिटं उशाखाली. नागेशच्या बंकवर त्याचा शर्ट, घडी घालून. सगळं जिथल्या तिथे.

माणसं तेवढी नव्हती.

मग खैरुद्दीननं बाहेरून हाक मारली.

मेसच्या पाठीमागे… बूट होते. साइटचे जाड बूट. एका ओळीत, टाच टाचेला लावून, देवळाच्या पायरीशी काढून ठेवावेत तसे.

अकरा जोड्या.

आणि त्यांच्या पुढे पावलं. सब्खा ओला होता तेव्हा उमटलेली आणि मग उन्हानं मिठात कडक झालेली. अनवाणी. अकरा माणसांची. बुटांपासून निघून सरळ त्या लाल ठोकळ्याकडे गेलेली. पळाल्याची नव्हेत हो. सावकाश चालल्याची. ठोकळ्यापुढे ती अर्धगोलात उभी राहिली होती. शेजारी शेजारी, बोटं आत वळलेली.

तिथून पुढे एकही पाऊल नव्हतं. मागेही नाही.

सुदेश सांगायचा, मी सगळीकडे फिरलो, गुडघ्यांवर बसून बघितलं. पापडी कुठे फुटलेली नाही. खड्डा नाही. गाडीचा माग नाही. अकरा माणसं तिथे उभी राहिली आणि… बस. जमीन पुढे कोरी.

मग त्याला टाकी आठवली. तो धावत गेला. फुली आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं.

फुली नव्हती.

टाकीवर लाल रंगात, नागेशच्या अक्षरात, एकच शब्द होता.

'व्हय.'

सुदेश तिथेच बसला. त्याला वाटलं होतं जागेचं नाव असेल. हे तर उत्तर होतं. पण उत्तर कोणाला? कोणी काय विचारलं?

आणि तेव्हा त्याला ऐकू आलं.

लांबून… वरून नाही, बाजूनं नाही. पायांखालून आल्यासारखं. कोणीतरी गाऱ्हाणं घालत होतं. "तुझा नाव आमका ठावक नाय, म्हाराजा…" शब्दन् शब्द तोच. नोव्हेंबरमधला.

आवाज सुदेशचा होता.

त्याचा स्वतःचा आवाज. तो तोंड मिटून बसला होता आणि जमिनीखालून त्याचा आवाज येत होता. तेव्हा त्याला समजलं पोरं इतकी निमूट का गेली. त्यांना वाटलं असणार, दादा आला. दादा बोलावतोय.

मग पोरांनी साथ दिली. खूप जणांनी, एका सुरात. "व्हय म्हाराजा…" त्यात नागेशचा आवाज वेगळा कळत होता. नागेशचा आवाज नेहमी बाकीच्यांपेक्षा अर्धा क्षण मागे असायचा.

सुदेशनं तोंड उघडलं. हाक मारायची होती म्हणे. पण खैरुद्दीननं पाठीमागून येऊन त्याच्या तोंडावर हात दाबला आणि फरफटत गाडीत नेऊन टाकला. त्यालाही ऐकू आलं होतं. गाडी चालवताना तो एकच गोष्ट सांगत होता. "जवाब नहीं देना भाई. कुछ भी हो जाए, जवाब नहीं देना."

पोलीस आले. कुत्रे आले, हेलिकॉप्टर फिरलं, आठ दिवस शोध चालला. त्यांनी काही कमी केलं नाही. ते 'व्हय' कोणालाच कळेना. नकाशावर त्या नावाची वाडी, विहीर, शेत, सगळं शोधून झालं. सुदेशनं सांगितलं, जागेचं नाव नाही ते, 'हो' आहे. दुभाष्यानं त्याच्याकडे बघितलं आणि तेवढं वाक्य काही भाषांतर केलं नाही.

कुत्रे मात्र ठोकळ्यापाशी गेले नाहीत. बुटांपर्यंत जायचे आणि बसायचे.

शेवटी कंपनीनं अकराही जणांची अ‍ॅब्स्कॉन्डिंग लावली. म्हणजे काम सोडून पळाले. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात, फोन गादीवर, बूट वाळूत, आणि म्हणे पळाले. मला विचाराल तर माझ्या हातून असे शेकडो अर्ज गेलेत. अनवाणी पळालेला माणूस मी एकही बघितला नाही. पण कागद झाला की झाला. त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

सुदेश गप्प बसला नाही. त्यांच्या प्रोजेक्टचे इंजिनिअर विष्णू साहेब अबुधाबीत अल रीम आयलंडला राहतात, एकोणतिसाव्या मजल्यावर. मराठी माणूस, चांगला माणूस. सुदेश तिथे गेला. साहेबांनी पाणी दिलं, चहा दिला, खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या हातात काही नाही म्हणाले.

साहेबांची मुलगी अनन्या तिथेच अभ्यास करत होती. बारावीला आहे. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अंकल, धिस हॅज हॅपन्ड बिफोर."

मग तिनं सांगितलं ते असं. चारेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून शंभरावर माणसं अमेरिकेला राहायला गेली. रोआनोक नावाच्या बेटावर. बायका, पोरं, सगळे. त्यांचा मुख्य साहेब रेशन आणायला इंग्लंडला परत गेला. तिकडे युद्ध सुरू झालं, तो अडकला, तीन वर्षांनी परतला. वस्तीत कोणी नव्हतं. खांबावर एक शब्द कोरलेला होता. संकट असेल तर क्रॉस कोरायचा असं ठरलं होतं, पण क्रॉस नव्हता. त्या माणसांत त्याची मुलगी होती, आणि तिथेच जन्मलेली, तो निघाला तेव्हा काही दिवसांची असलेली नात.

सुदेश चहाचा कप हातात धरून ऐकत होता. त्यानं विचारलं, "मग त्या साहेबाचं काय झालं?"

"ही नेव्हर फाउंड देम."

सुदेशनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि त्याला आवाज नाय इले?"

साहेबांनी विषय बदलला.

मे महिन्यात खैरुद्दीन कायमचा गावी गेला. सुदेशची नोकरी सुटली. तो देऱ्याला माझ्या खोलीवर आला. आमची खोली पाचव्या मजल्यावर, सहा जणांची. त्याला माझ्या खालची गादी मिळाली.

काय अवस्था होती त्याची, काय सांगू. धट्टाकट्टा गडी, नुसता सापळा झाला होता. आणि मला सगळ्यात आधी खटकलं ते हे, की तो 'हो' म्हणायचा नाही. जेवलास? मान हलवणार. चहा घेतोस? मान हलवणार. मी वैतागून म्हटलं, अरे तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? तेव्हा त्यानं मला हे सगळं सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं तसं, सलग.

आवाज अजून येतात म्हणाला. नळ सोडला की, एसी बंद झाला की. आता त्याचा स्वतःचा आवाज नसतो. आता नागेश गाऱ्हाणं घालतो.

"त्या अकरांनी 'व्हय' म्हटलेला," तो मला म्हणाला. "मी घालत होतंय, मी खय म्हटलंय? खैरुद्दीनपण नाय म्हणूक. म्हणान आम्ही दोघे रवलंव." गाऱ्हाणं घालणारा 'व्हय' म्हणत नाही, म्हणून ते दोघे मागे राहिले.

मी त्याला डॉक्टरकडे नेला. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागायची, आवाज जायचे नाहीत.

गावी दर्शना वाट बघत होती. तिनं पोरीचं बारसं केलं नव्हतं. बाप आला की करू, म्हणायची. पोरगी सात महिन्यांची झाली, तरी तिला सगळे नुसतं बाय म्हणायचे. दर्शना सुदेशला कधी रागानं बोलली नाही. दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, "काय समाजला, भावोजी?" बस, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं सुदेश म्हणायचा.

नोव्हेंबर आला. कॅम्पच्या राखणीला वर्ष झालं.

दर्शनानं देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आपल्या देवाला, आपल्या गावकराकडून, रीतसर. नागेश परत यावा म्हणून. रविवारी सकाळी ती म्हणाली, बोटिम अ‍ॅपवर कॉल लावते, भावोजी, तुम्ही तिकडून हात जोडा.

सुदेश नको म्हणत होता. मी त्याला भरीला घातलं. मी म्हटलं, अरे, ही आपल्या देवाची गोष्ट. चुकीच्या दारात घातलेलं गाऱ्हाणं योग्य दारात घालून सुटेल. मला खरंच तसं वाटलं होतं. देवाशपथ.

अकरा वाजले होते. खोलीत आम्ही दोघेच, बाकीचे खाली गेलेले. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. सुदेशनं चपला दाराबाहेर काढल्या, हात जोडले आणि तोंडात रुमाल कोंबला. घट्ट. मला हसू आलं आणि रडूही आलं.

फोनमध्ये घंटा वाजली. माणसांची कुजबुज. मग खरखर झाली, आणि गावकरांचा आवाज आला. जरा बसलेला वाटला.

"बारा पाचाच्या देवा, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. सवयच ती.

"तुझी लेकरां परमुलखात इली आसत…"

"व्हय म्हाराजा."

"एक लेकरू भायर रवला हा, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"तेका आमच्यात घी…"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. आमच्यात घे?

मी सुदेशकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. फोनमधला आवाज आता गावकरांचा नव्हता. तरुण होता. मी नागेशला लहानपणापासून ओळखतो, त्याच्या मुंजीत मी वाढपी होतो. तो नागेश होता. तो काही मागत नव्हता, दमदाटी करत नव्हता. दमून घरी आलेला माणूस बोलतो तसं बोलत होता.

"दादा… चेडवाचो फोटो हाडलंस?"

मग शांतता. गाऱ्हाण्यात एक वाक्य संपल्यावर उत्तरासाठी थांबतात, तेवढी.

मी सुदेशचा हात धरला. नको म्हटलं. खूपदा म्हटलं. त्यानं माझा हात हळूच सोडवला, तोंडातला रुमाल काढला आणि घडी घालून गादीवर ठेवला.

"तेका एकदा बघूक तरी होया ना रे," मला म्हणाला. "बाप आसा तो."

मग फोनकडे वळून म्हणाला, "व्हय."

त्यानं खिशातला फोटो काढून हातात घेतला आणि बाहेर गेला. मी दोन पावलांवर होतो. दोन पावलं म्हणजे दोनच. दारात आलो तर बाहेरचा पॅसेज मोकळा. जिना मोकळा. मी पाच मजले हाका मारत उतरलो. खाली वॉचमन अर्सलान दाराशी खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, सकाळपासून कोई नीचे नहीं उतरा.

सुदेशच्या चपला दाराबाहेर तशाच होत्या. टाच टाचेला लावून.

मी खोलीत परत आलो तेव्हा फोन वाजत होता. दर्शना. मी उचलला आणि काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काय रेंज ही! मगाशी लावलंय तर घंटा वाजली आणि लगेच कट झालो. तेव्हापासून लावतंय, लागतच नाय. गावकर खोळंबलेत. अजून नारळसुद्धा फुटूक नाय. आता सुरू करूया?"

मी फोनचा कॉल लॉग उघडला. तिचा पहिला कॉल… चार सेकंदांचा होता.

म्हणजे मी 'व्हय' कोणाला म्हणत होतो?

चार वेळा. चौथ्यांदा तर त्यांनी माझा भाऊ मागितला होता.

दर्शनाला मी काय सांगितलं, ते लिहीत नाही. पोलिसांत गेलो, कागद झाला. सुदेशचा अर्ज माझ्याच सेंटरमध्ये टाइप झाला. बाजूचा मुलगा म्हणाला मी करतो, पण मीच केला. कारणाच्या रकान्यात काय घालायचं ते माहीत नव्हतं, म्हणून सगळे घालतात तेच घातलं, अ‍ॅब्स्कॉन्डिंग.

आता वर्ष उलटून गेलं. सुदेशच्या चपला मी आत घेतलेल्या नाहीत. माझे बूट मात्र रात्री उशाशी ठेवतो, हसायचं तर हसा.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. जत्रेत देवळासमोर गाऱ्हाणं सुरू झालं. सगळा गाव हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होता. दर्शना पोरीला कडेवर घेऊन पुढे उभी होती. ती पोरगीसुद्धा बोबडं बोबडं म्हणायला शिकली आहे. गावकरांनी वाक्य म्हटलं, थांबले. सगळ्यांनी साथ दिली.

आणि सगळे गप्प झाल्यावर, अर्धा क्षण मागून, आणखी काही जणांनी दिली.

कोणी वळून बघितलं नाही. मी रुमाल दातांत धरून उभा होतो.